मथुराबाईंची प्रतिक्रिया

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी धाराशिवमधल्या नाल्याकाठच्या एका गल्लीत शिरलो. अजून बाहेर पडलेलो नाही.

मी शहराच्या गल्ल्यांच्या बातम्या करतो. सोमवारी या गल्लीची दिली होती. शनिवारी ठेकेदाराच्या माणसांनी तोंडाशी चर खोदला आणि ती निघून गेली, एवढंच मला फोनवर कळलं होतं. वृत्तसंपादक अमरनाथ सरांना रहिवाशाची प्रतिक्रिया हवी होती. पान छपाईला सुटायला पाच मिनिटं होती. मी खुर्चीत बसूनच लिहिली: 'पंधरा दिवस झाले, गल्लीतून कुणालाच बाहेर पडता येत नाही. – मथुराबाई, वय ६८.' नाव सुचलं ते टाकलं. आमच्या धंद्यात हे चालतं.

मंगळवारी फोटोसाठी गेलो. चर जेमतेम दोन फुटांचा. एका ढांगेत ओलांडला. तिसऱ्या घराच्या पायरीवर एक म्हातारी सुपात हुलगे निवडत होती.

"या, पेपरवाले. लई वाट बघाय लावली."

"मावशी, नाव काय तुमचं?"

"छापलं तुमी, अन् इचारता मला? मथुराबाई."

मी हसलो. कुणीतरी पेपर वाचून थट्टा करत असणार. पण त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

"गिरणी रस्त्यापल्याड हाय. पंधरा दिवस दळण न्हाय. घुगऱ्या खाऊन दात दुखाय लागले."

"चर तर शनिवारी खोदलाय."

त्यांनी सूप पाखडलं. दारादारांत माणसं येऊन उभी राहिली. सवयीनं मी मोजली. मथुराबाई धरून तेवीस. उकडलेल्या हुलग्यांचा वास सगळ्या गल्लीत होता.

मी निघालो. चर ओलांडला. समोर तीच पायरी, तेच सूप. वळून पाहिलं तर मागे चर आणि चरापलीकडे रस्ता. रिक्षा जात होत्या.

पुन्हा ओलांडला. मग धावत. मग डोळे मिटून.

"दमा जरा," रामकिसन नावाचे एक गृहस्थ म्हणाले. "आमीबी पहिल्या दिशी असंच केलं. तुमीच छापलंय, तुमीच सोडवा. पेपरात द्या, खोटं होतं म्हणून."

फोन लागत होता. मी अमरनाथ सरांना सगळं सांगितलं.

"प्रतिक्रिया मनानं लिहिली, असं छापू? नोकरी जाईल, रणधीर."

"जाऊ द्या. छापा."

"आधी खात्री करतो. उद्या राजसला पाठवतो. तू आहेस कुठं?"

"गल्लीत."

त्यांनी फोन ठेवला.

बुधवारी सकाळी आमचा दुसरा बातमीदार राजस आला. मोटरसायकल रस्त्याकडेला लावली. आमच्यात अंतर दहा पावलांचं. मी त्याला नावानं हाका मारल्या. बाकीच्यांनी हात हलवले. मथुराबाईंनी सूप बडवलं.

त्यानं मोबाइल वर धरला.

खाली घेतला.

गेला.

पाऊण तासानं अमरनाथ सरांनी तोच फोटो मला पाठवला. खाली एक ओळ: 'चर बुजवलाय. गल्लीत कुणी भेटलं नाही. तू खरं कुठं आहेस?'

फोटोची वेळ दहा चाळीस. त्या वेळी आम्ही चोवीस जण चराच्या काठाला उभे होतो. फोटोत फक्त घरं आहेत. प्रत्येक दाराला कुलूप आहे. मी मोठं करून पाहिलं. कुलपं गंजलेली आहेत.