चटणीच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

जिल्हा खो-खोचे गट पाडायची बैठक होती आणि चिठ्ठ्या टाकायला भांडंच नव्हतं. मागच्या बाकावरून एक बाई उठल्या, आपला जेवणाचा डबा पुसून पुढे ठेवला. पेठच्या शाळेच्या ललिता मॅडम. मी घोटीचा क्रीडाशिक्षक. माझ्या चिठ्ठीला लसणाच्या चटणीचा वास आला.

“घोटी ब गटात,” मी वाचलं.

“आम्ही अ गटात. म्हणजे साखळीत भेट नाही, सर.”

“फायनलला भेटू की.”

“तुमच्या पोरी तिथपर्यंत पळतील? घोटीचा भात जड असतो म्हणे...”

“आल्या तर?”

“तर चहा माझ्याकडून.”

नाशिकच्या मैदानावर माझं निम्मं लक्ष अ गटाकडेच होतं. ललिता मॅडम मुलींच्या वेण्या घट्ट बांधून द्यायच्या आणि मध्येच आमच्याकडे मान वळवायच्या... माझ्या मुली उपांत्य फेरीत हरल्या. चहा गेला, असं वाटलं.

पण आमच्याकडे रीत आहे — बाहेर पडलेल्या शाळेच्या शिक्षकाने फायनलला पंच व्हायचं. माझं नाव पुकारलं. समोर पेठ.

शेवटच्या मिनिटाला पेठच्या मुलीने गडी बाद केला. मैदान नाचू लागलं. पण बसलेली ती मुलगी खो मिळण्याआधीच उठली होती. मी पाहिलं होतं. शिट्टी वाजवून तो गुण रद्द केला. पेठ एका गुणाने हरलं.

मी खाली मान घालून शिट्टीची दोरी गुंडाळत होतो. समोर ललिता मॅडमच्या चपला थांबल्या.

“ती आधी उठली होती?”

“हो.”

“मलाही दिसलं. शिट्टी खरी होती, मग मान खाली का?”

“तुमच्या संघाविरुद्ध होती... म्हणून.”

“आणि तरी वाजवलीत.”

“वाजवली.”

“मग चला. अशा माणसाला चहा पाजायला हरकत नाही. पुढचं पुढे बघू.”

पुढचं म्हणजे आमचा संसार. घरात वाद झाला की ती म्हणायची, “पंच, खरं खरं सांगा, चूक कोणाची?” बहुतेकदा माझीच निघायची.

मागच्या हिवाळ्यात ललिता गेली. यंदा गट पाडायच्या बैठकीला मी तिचा डबा नेला. चिठ्ठी नाकाशी धरून एक तरुण शिक्षक हसला, “सर, हिला चटणीचा वास येतोय.”

“येऊ दे,” मी म्हणालो.

आम्ही भेटलो त्या वर्षी माझ्या मुली हरल्या. बरं झालं हरल्या.