जरा बाजूला हो

मुलुंड स्टेशनापासून दोन गल्ल्या सोडून गुणाजीचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. एप्रिलमधल्या एका सकाळी शरच्चंद्र लेले तिथे लेन्स घ्यायला गेले. जूनमध्ये मुलगी गंधाली त्यांना हिमालयात, स्पितीला पाठवणार होती, आणि तिथले डोंगर साध्या लेन्समध्ये कुठले मावायला! कॅमेऱ्याच्याच कंपनीची रुंद लेन्स पेन्शनीत बसेना, म्हणून दुसऱ्या कंपनीची, वापरलेली, हाताने फोकस करायची निवडली.

"झकास आसा," गुणाजी म्हणाला. "पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा, साहेब. कडेक माणूस ठेवू नका, ताणलो जाता. आणि नुसतो डोंगर घेतलात तर ढेकळासारखो दिसतलो. समोर कोणाक तरी उभो करा."

"उभं करायला आता कोणी नाही रे," शरच्चंद्र म्हणाले.

खरं सांगायचं तर, होतं तेव्हाही यांनी कुठे उभं केलं होतं? चाळीस वर्षं बायकोला घेऊन डोंगरदऱ्या पालथ्या घातल्या आणि प्रत्येक कड्यावर एकच पालुपद, "नीला, जरा बाजूला हो." ती बिचारी व्हायची. हसून म्हणायची, "अहो, एकदा रुंद लेन्स घ्या बघू, म्हणजे डोंगरही मावेल आणि मीही." पुढे पुढे तर कोणाचाही मोबाइल वर झाला की ती आपणहून सरकायची.

गेल्या वर्षी ती गेली आणि हार घालायला फोटो मिळेना. सह्याद्रीचे हजारो, नीलाचा एक धड नाही! लग्नातली नीला ओळखू येत नव्हती. शेवटी बँकेच्या पासबुकावरचा फोटो मोठा केला, तर गालावर शिक्का. आता रविवारी वर्षश्राद्ध. "बाबा, आईचा एक तरी चांगला फोटो शोधा ना," गंधाली रोज म्हणायची, आणि हे रोज कपाट उघडून बसायचे.

दुपार कलल्यावर लेन्स तपासायला ते मिठागरांकडे गेले. चिखलाचा खारट, कुजका वास येत होता. बांधावर चिटपाखरूही नव्हतं.

पहिला फोटो काढून त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला. डाव्या बाजूला एक बाई उभी होती, लांबट, ताणलेली. त्यांनी मान वर केली. बांध रिकामाच. लेन्समध्ये खोट असेल म्हणून दुसरा काढला. बाई आणखी कडेला गेली होती. निळी सुती साडी, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी. ती पिशवी नेहमी नीलाच सांभाळायची.

तिसऱ्या फोटोत नुसता खांदा उरला होता.

भीती वाटली, का नाही वाटणार? पण चौथ्या फोटोत ती नसेल, ही भीती जास्त मोठी होती. चाळीस वर्षं सांगितलेलं ती अजून ऐकत होती. त्यांना रडूच फुटलं.

"नीला... पुरे झालं गं. मध्ये ये."

वारा पडला. चिखलातली बारीक बुडबुड थांबली. कुठूनसा माक्याच्या तेलाचा वास आला, तिच्या केसांना यायचा तसा.

"ये ना... मी होतो बाजूला."

डोळे घट्ट मिटून त्यांनी बटण दाबलं.

रविवारी सकाळी गंधालीने प्रिंट आणून चौरंगावर ठेवली. मागे मिठागरं, सोनेरी पाणी, आणि मधोमध नीला, प्रसन्न हसणारी. कडेला खांद्यावर पिशवी घेतलेला कोणी पाठमोरा. "किती सुंदर आलाय हो! कधी काढलात?" तिने विचारलं. शरच्चंद्रांनी समईची वात पुढे सारली.

गुरुजी जेवून गेले. गंधाली हार घालायला वाकली आणि तशीच थांबली.

"बाबा... हे कडेला पाठमोरे तुम्हीच ना?"

"मीच."

"खांद्याला पिशवी होती. सकाळी आणला तेव्हा अख्खे दिसत होतात..." तिचा आवाज बारीक झाला. "आता नुसता खांदा कसा?"

शरच्चंद्रांनी तिच्या हातून हार घेतला आणि हळूच फोटोला घातला.

"असू दे गं," ते म्हणाले. "आई मावली ना."