अखंड ठिपका

“चूक किती, ते जो सांगत नाही, त्याची मोजणी घेऊ नये बाय,” असं आप्पा दुकानात उभे राहून म्हणाले होते, आणि मैथिलीने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं होतं.

आप्पा म्हणजे तिचे वडील, रघुवीर रहाटे. भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं मोजणीदार. निवृत्तीनंतर त्यांना ठेवशोधाचा नाद लागला होता. कुणीतरी रानात, कड्याकपारीत एक पाणी न शिरणारी डबी लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी हातातल्या दिशायंत्रावर ते आकडे घालून डबी शोधायची, आतल्या वहीत सही करायची, डबीतली एखादी वस्तू घ्यायची आणि आपली एक ठेवायची. “सही नाही तर शोध नाही,” हा त्यातला एकमेव कडक नियम. सातबारावर सही घेतल्यासारखे आप्पा तो पाळत.

त्यांचं जुनं यंत्र पिवळं होतं. पेन्सिल सेलवर चालणारं, ओल्या बोटांनीही दाबता येतील अशा जाड बटणांचं. पडद्यावर आपण कुठे आहोत त्याचा ठिपका, आणि ठिपक्याभोवती एक वर्तुळ. वर्तुळ म्हणजे कबुली: मी इतके मीटर चुकू शकतो. उघड्यावर पाच-सहा मीटर. दाट झाडीत किंवा कपारीत उपग्रहांचे संदेश खडकांवर आपटून वेडेवाकडे येतात, तिथे वर्तुळ फुगत जायचं आणि शेवटी सरळ लिहून यायचं, “सिग्नल नाही.”

मैथिलीला ते तीन शब्द सहन होत नसत. ती कोल्हापूरला, आप्पा राजापूरच्या बाजूला कातळवाडीत एकटे. फोन टेबलाच्या खणात, रविवारपुरता चार्ज केलेला. म्हणून तिने नवं यंत्र घ्यायचं ठरवलं. त्याचं नाव ‘सोबती’. ते माणसाची चाल शिकत असे; पाऊल किती लांब, थांबतो कुठे, परततो कधी. उपग्रहांचा संपर्क तुटला की त्या सवयींवरून ठिपका पुढे नेत असे आणि घरच्यांना तो फोनवर दिसत राही.

“ह्यात चूक कुठे दाखवतं?” आप्पांनी विचारलं होतं.

“काका, ह्यात चूक नसतेच,” दुकानदार म्हणाला.

“मग हे यंत्र नव्हे, जावई आहे.” जावई शेजारीच उभा होता, सगळ्यात जास्त तोच हसला.

सुरू करताना यंत्राने एक प्रश्न विचारला. ठिपका तुटक दाखवायचा की अखंड? तुटकमध्ये संपर्क गेला की ठिपका नाहीसा होणार होता. मैथिलीने अखंडवर अंगठा ठेवला. पिवळं यंत्र तिने घरी नेलं आणि चार वर्षांच्या लेकीला, जुईला, खेळायला दिलं.

त्यानंतरची सव्वा वर्षं बरी गेली. संध्याकाळी साडेपाचच्या पुढे जुई आईच्या फोनवर बघायची आणि जाहीर करायची, आजोबा घरी आले. मग मैथिली कुकर लावायची. ठिपका रोज पाच-चाळीसच्या आसपास ओट्यावर येऊन बसायचा.

त्या मंगळवारी अंगारकी होती. ठिपका दुपारी सड्यावर गेला, म्हणजे गावामागच्या त्या उघड्या काळ्या कातळावर, जिथे आप्पांनी आपली डबी लपवली होती. पाच-चाळीसला ओट्यावर परत आला. बुधवारी सकाळी विहिरीवर, मग चहाच्या टपरीवर, तिथून घरी. संध्याकाळी जुई म्हणाली, आजोबा ओट्यावर बसले.

गुरुवारी सकाळी जुईने दूध सांडलं. ते पुसून उठताना मैथिलीची नजर स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलेल्या फोनवर गेली. जुईने नकाशा बोटांनी ताणून मोठा केला होता. ठिपका विहिरीकडे निघाला होता. पायवाटेने सरळ.

ती तशीच उभी राहिली. रविवारीच आप्पांनी फोनवर सांगितलं होतं, शेजाऱ्याने पायवाटेवर छातीएवढा चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातला. हद्दीची मोजणी आप्पांनीच करून दिली होती, त्यामुळे तक्रारही करता येईना. आता फणसाला वळसा घालून जावं लागतं, म्हणून ते हसले होते.

ठिपका गडग्यातून आरपार गेला.

तिने सुगंधाकाकूंना फोन लावला. काकू आप्पांच्या समोरच्याच घरात राहत. आप्पा दिसले का, एवढंच तिने विचारलं.

“अगो, मंगळवारपासून कुलूप आहे,” काकू म्हणाल्या. “मला वाटलं, तुझ्याकडेच गेलेत.”

निघताना मैथिलीने जुईच्या खेळण्यांतून पिवळं यंत्र काढलं आणि नवे सेल घातले. डबीचे आकडे आप्पांनी त्याच्या पाठीवर चिकटपट्टीखाली लिहून ठेवले होते. घाट उतरून गावात पोचेपर्यंत काकूंनी वाडीतली चार माणसं बोलावली होती. ती माणसं सड्याच्या नेहमीच्या वाटेने शोधत गेली, कारण फोनवर ठिपका त्या वाटेने उतरलेला दिसत होता. मैथिलीने फोन गाडीतच ठेवला.

सड्यावर डबीच्या जागी कुणी नव्हतं; वर्तुळ सहा मीटरचं होतं. कड्याच्या बाजूला, घळीच्या तोंडाशी चौदा झालं. आत उतरताना चाळीस. मग पडद्यावर आलं, सिग्नल नाही.

तेव्हा तिने मान वर केली. पडद्यावर बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आणि मान वर केल्यावर तिला करवंदीच्या जाळीत अडकलेली आप्पांची छत्री दिसली.

आप्पा त्या जाळीच्या खाली होते, दोन पुरुष खोल. सोबतीचे दगडावर आपटून दोन तुकडे झाले होते. डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड मोडलं होतं, रक्त फार गेलं नव्हतं. बुधवारी संध्याकाळपर्यंत जीव असावा. मैथिलीने त्यांना तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

पुढच्या आठवड्यात तिने कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी मनापासून बोलत होती. “ताई, ठिपका यंत्रात नसतो, आमच्याकडे असतो. यंत्र बंद पडलं तरी तुम्हाला काळजी वाटू नये म्हणून तो चालू राहतो. बंद करायला मालकाच्या अंगठ्याचा ठसा लागेल.” मैथिलीने सांगितलं, मालक गेले. मुलगी म्हणाली, त्याचा वेगळा अर्ज आहे.

अर्ज दिला. ठिपका अजून पाच-चाळीसला ओट्यावर येतो. जुईला तो दिसू नये म्हणून मैथिली त्या वेळी फोन फळीवर ठेवते, आणि जुई खाली उभी राहून विचारते, आले का?

तेरावं झाल्यावर ती सड्यावर एकदा परत गेली. दिवसाउजेडी, नवऱ्याला सोबत घेऊन. डबी कातळाच्या चिरेत होती. वहीत तीन वर्षांच्या सह्या. त्यात आप्पांचं आणि टिटवी या टोपणनावाच्या कुणा माणसाचं भांडण. दोघं कधी भेटले नव्हते. ठेवशोधात खरं नाव कुणी सांगत नाही. टिटवी दर संकष्टीला येऊन सही करी, तिरप्या, थोड्या थरथरत्या अक्षरात. आप्पांनी लिहिलं होतं: तुमचे आकडे सहा पावलं पूर्वेला घसरलेत, गणित कुणी शिकवलं? खाली उत्तर: तुमच्यासारख्याच एका मोजणीदाराने.

टिटवीची शेवटची सही मार्गशीर्षातली होती.

त्यानंतर दोनदा आप्पांचं अक्षर: टिटवी, फोनवर नोंद आहे, वहीत सही नाही. विसरलात?

मैथिलीने फोनवर डबीच्या नोंदींची यादी उघडली. टिटवीकडेही सोबतीच होता; त्याचा ठिपका डबीजवळ आला की नोंद आपोआप पडते. टिटवीच्या नोंदी: पौष संकष्टी, चार वाजून वीस मिनिटं. माघ संकष्टी, चार वाजून वीस मिनिटं. अंगारकी, चार वाजून वीस मिनिटं.

आणि वहीत, त्याच अंगारकीची, आप्पांची शेवटची ओळ. घाईत लिहिलेली.

“मंगळवार, ४.२०. यंत्रावर टिटवी माझ्या शेजारी उभी आहे. सड्यावर मी एकटा. खाली जाऊन कुणाला तरी सांगतो.”

नेहमीची वाट लांबची होती. घळीतून जवळचं पडतं.

टिटवीचं गाव फोनवर कळत नाही. परक्यांना फक्त तालुका दिसतो आणि चालणारा ठिपका. कंपनीने नाव द्यायला नकार दिला. पोलिसांनी विचारलं, बाई, ठिपका चालतोय ना, मग हरवलंय कोण?

मैथिली कातळावर बसली. नवऱ्याचं पेन मागून घेतलं आणि आप्पांच्या ओळीखाली लिहिलं:

“ही वही ज्याच्या हातात असेल त्याला. मी रहाट्यांची मुलगी. राजापूर तालुक्यात टिटवी या नावाने ठेवा शोधणारं कुणीतरी आहे. वयस्कर असावं, लिहिताना हात थरथरतो, बहुधा एकटं राहतं. तुम्ही ओळखत असाल तर फोनवर बघू नका. जाऊन दार वाजवा. कुलूप असलं तर शेजाऱ्यांना विचारा, ‘तुम्हाला काय वाटलं, कुठे गेलेत?’ आणि त्यांच्या उत्तरावर थांबू नका.

आणि टिटवी, वही तुमच्याच हातात असेल, तर इथे खाली सही कराल का? स्वतःच्या हाताने?”

तिने खाली चार ओळींची जागा कोरी सोडली.