सातव्या प्रकरणात गाव सोडायचं

गिटार आडवी धरून जिना चढायचा नसतो, हे गोरक्षला कुणी सांगितलं नव्हतं. शेवगावच्या कचेरीसमोरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटचा जिना आधीच अरुंद. त्यात बाजारचा दिवस, अर्जवाल्यांची वर-खाली ये-जा चाललेली. गोरक्ष दारातून आत आला, पण पाठीवरची गिटार काही यायला तयार होईना. त्यानं हिसका दिला, तशी ती सुटली आणि दाराजवळच्या टेबलावरची कोऱ्या फुलस्केपची चळत खाली घेऊन आली.

मुक्ता मशीनवरून उठून कागद गोळा करायला वाकली. तोही वाकला. गिटारच्या टोकानं तिच्या डोक्यात टप्पल मारली. त्यानं आधी गिटारला काही लागलं नाही ना, ते पाहिलं आणि मग तिच्याकडे पाहिलं. मुक्तानं ही गोष्ट मनात नोंदवून ठेवली.

इन्स्टिट्यूट तिच्या मामांचं, राधाकृष्ण मामांचं. ती मूळची राजूरची, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची. मॅट्रिक झाली, हात चपळ म्हणून मामांनी इकडे आणली, आणि एकविसाव्या वर्षी तालुक्यात तिच्याइतकं मराठी टायपिंग कुणाचं नव्हतं. मामा कमी बोलणारे. त्यांचे नियम दोनच. गिऱ्हाईक सांगेल ते टाईप करायचं, आणि प्रत्येक कागदाची एक कार्बन प्रत कपाटात ठेवायची.

"कशाचा अर्ज? वीज, विहीर का उतारा?" तिनं विचारलं.

"अर्ज न्हाई," गोरक्ष म्हणाला. "आत्मचरित्र हाय."

मुक्तानं त्याच्याकडे नीट पाहिलं. चोवीस-पंचवीसचं वय. केस मानेवर रुळलेले, पायांत मात्र शेतातल्या मातीनं भरलेल्या वहाणा. तिनं विचारलं, कुणाचं? तो म्हणाला, आमचंच.

मग त्यानं पिशवीतून तीन इंग्रजी पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. नगरला रेडिओच्या दुकानात दोन वर्षं कामाला असताना भिंगारच्या रद्दीवाल्याकडे मिळालेली. तिन्ही परदेशातल्या रॉकवाल्यांची आत्मचरित्रं. एक लाल दाढीचा गिटारवाला, एक टकल्या ड्रमवाला आणि एक चष्मेवाला गायक. गोरक्षचा त्या तिघांवर जीव होता. घरच्या माणसांविषयी बोलावं तसा तो त्यांच्याविषयी बोलायचा. लाल दाढीवाल्याचा बाप लई कडक, टकल्याला लहानपणी दमा होता, आणि चष्मेवाल्याच्या आईनं मशीनवर कपडे शिवून त्याला पहिली गिटार घेऊन दिली. रॉक वाजवणाऱ्या माणसाला आत्मचरित्र लागतंच, असं त्याचं ठाम मत झालं होतं. आणि यंदा त्याचे दिवस होते. आदल्या साली दुष्काळात अडलेली लग्नं त्र्याहत्तरच्या पावसानंतर धडाधड निघाली होती आणि प्रत्येक मांडवात गोरक्षनं गावात काढलेल्या ऑर्केस्ट्राला बोलावणं होतं.

"बसा," मुक्ता म्हणाली. तिनं कागद चढवला, नाव, वय आणि धंदा विचारला आणि विचार न करता हाताला सवय होती ते टाईप करून टाकलं. मी खाली सही करणार गोरक्ष पुंजाराम, वय चोवीस वर्षे, धंदा शेती व गिटार, तालुका शेवगाव, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की...

माणूस आपल्याविषयी काही सांगतो ते प्रतिज्ञापत्रातच, एवढंच तिला ठाऊक होतं. गोरक्षनं वाचलं. त्याला ते फारच आवडलं. लाल दाढीवाल्याच्या पुस्तकाची सुरुवातसुद्धा इतकी वजनदार नाही, असं तो म्हणाला.

पण त्यात एक पंचाईत होती, ती दुसऱ्याच वाक्याला कळली.

"लिवा. माझे वडील मोठे गवई होते."

मुक्ताची बोटं थांबली. "खरं?"

"म्हंजे... भजनात टाळ वाजवायचे."

"इथं सत्यप्रतिज्ञेवर आहे. टाळ तर टाळ."

तिनं टाळ टाईप केलं. गोरक्षचा चेहरा पडला. पण मग तो वडिलांच्या टाळांची गोष्ट सांगू लागला. एक टाळ विहिरीत पडला, तेव्हा वडील वर्षभर उरलेला एकच टाळ पितळेच्या तांब्यावर आपटून भजन म्हणत होते. मुक्ता टाईप करता करता हसली. गवयापेक्षा हे कितीतरी बरं होतं, आणि ते दोघांनाही कळलं.

त्यानंतर गोरक्ष दर बाजारी येऊ लागला. गिटार आता उभी धरून आणायचा. मुक्ता एकेक ओळ टाईप करायची, ओळ संपली की मशीनची घंटी वाजायची, आणि त्या घंटीवर गोरक्ष मांडीवरच्या गिटारची एक तार छेडायचा. दर वाक्याला ती विचारायची, खरं? तो कधी हो म्हणायचा, कधी डोकं खाजवायचा. मुंबईत वाजवलं, हे खोडून नेवाशाला वाजवलं, असं झालं. हजार लोक नाचले, याचे नवरदेवाचे दोन मेहुणे झाले. रेडिओत बाई कोंडली आहे असं समजून आजी छबूबाईनं रेडिओपुढे भाकरी ठेवली होती, हे मात्र जसंच्या तसं राहिलं.

डिसेंबरात तो हुरडा घेऊन आला, रुमालात बांधलेला, अजून कोमट. रिबन बदलता बदलता मुक्तानं काळ्या बोटांनीच चिमूट उचलली आणि मग तिच्या गालाला शाई लागली. गोरक्ष त्या शाईकडे नुसता बघत राहिला.

"काय बघताय?"

"काय न्हाई. दुसऱ्या प्रकरनात एक राहिलं. आमाला काळा रंग लहानपनापासून लई आवडतो, ते घालायचं हुतं."

"खरं?" तिनं विचारलं.

"आजपासून," तो म्हणाला. मुक्तानं मान खाली घालून रिबन बसवली, ती उलटी बसली.

तिला तो आवडत होता. कबूल करायला तिला तीन आठवडे लागले, पण आवडत होता. बाजाराच्या आदल्या दिवशी ती वेणीला तेल लावायची आणि जिन्यावर वहाण वाजली की टायपिंगची एक चूक ठरलेली. त्याच आनंदात एके दिवशी तिनं सहज विचारलं, एकूण प्रकरणं किती?

"सात तरी हायेत," गोरक्ष म्हणाला. "सातव्यात गाव सोडायचं."

तिला वाटलं, चेष्टा आहे. पण तो गंभीर होता. तिन्ही पुस्तकांत सातव्या प्रकरणात रॉकवाला गाव सोडतो आणि मोठ्या शहरात जातो. पुण्याच्या एका ऑर्केस्ट्राचं पत्रही आलं होतं, जानेवारीअखेर या म्हणून. तारीखसुद्धा प्रकरणाशी जुळली होती. गावी एखादी मुलगी असते का त्या पुस्तकांत, असं मुक्तानं मशीनकडे बघत विचारलं. असती की, तो म्हणाला, पण तीबी सातव्यातच मागं राहती.

मग पुढे काय होतं? ते गोरक्षला माहीत नव्हतं. त्याची डिक्शनरीसुद्धा रद्दीतलीच होती आणि तिची मागची अर्धी पानं गेलेली. शब्द अडू लागले तसं तिन्ही पुस्तकांचं वाचन त्यानं सातव्या-आठव्यापाशीच सोडून दिलं होतं. मुक्तानं ती पुस्तकं वाचायला मागून घेतली. इन्स्टिट्यूटची डिक्शनरी अखंड होती. दोन आठवडे दुपारच्या सुट्टीत ती सातव्या प्रकरणापासून पुढे एकेक शब्द काढत बसली आणि तिन्ही पुस्तकांच्या शेवटच्या पानापर्यंत गेली. तिथं जे होतं ते त्याला सांगावं, असं फार मनात आलं. पण जायचं की राहायचं, हे त्याचं त्यानं ठरवावं. आपण पुस्तक दाखवून त्याला अडवला, असं नको. ती गप्प बसली.

सातव्या प्रकरणाचा दिवस आला. सकाळी कागद चढवताना मुक्तानं नेहमीच्या एका कार्बनऐवजी दोन लावले. एक प्रत त्याची, एक मामांच्या कपाटाची, आणि तो गेल्यावर आपल्यापाशी काहीतरी असावं म्हणून एक तिची. गोरक्ष आला. अंगात नवा शर्ट, हातात पत्र्याची पेटी. नगरची एसटी साडेबाराला होती.

"लिवा," तो म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता. "मी गाव सोडलं. मागं वळून पाहावं असं तिथं काही नव्हतं."

हे वाक्य लाल दाढीवाल्याचं होतं. मुक्तानं ओळखलं. तिनं ते टाईप केलं, अक्षर न् अक्षर. घंटी वाजली. आज तार वाजली नाही.

"खरं?" तिनं विचारलं. सहा प्रकरणं दर वाक्याला विचारलेला तोच प्रश्न.

खाली रस्त्यावर भाजीवाल्यांचा गलका चालू होता. गोरक्षनं पेटी खाली ठेवली.

"खोडा ते."

"प्रतिज्ञापत्रात खोडलं तर शेजारी सही करावी लागते."

"करतो."

त्यानं पेन घेऊन त्या वाक्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी सही केली, चांगली लपेटदार. मग उभ्या उभ्याच बोलू लागला.

"लिवा. मागं वळून पाहावं असं गावात एक हाय. ती कचेरीसमोर माडीवर बसती. तिला दर वाक्याला खरं का म्हनून विचारायची खोड हाय. तिच्यापायी आमाला खोटं बोलता येईना झालंय. मला पुन्याला जायचं हाय, वाजवायचं बी हाय... पन तिला सोडून न्हाई. तिच्यावर माझा लई जीव हाय."

मुक्तानं सगळं टाईप केलं. एक अक्षर चुकलं नाही. खरं का, हे तिनं विचारलंच नाही. विचारायची गरज नव्हती. पण ती थांबलीसुद्धा नाही. मशीन चालूच राहिलं, एक ओळ, दोन ओळी, घंटी, पुन्हा ओळ.

"आमी तर काय बोललो न्हाई," गोरक्ष म्हणाला.

"हे टायपिस्टचं निवेदन आहे. वाचा."

त्यानं मशीनवर वाकून वाचलं. मी खाली सही करणार मुक्ता, वय एकवीस वर्षे, धंदा टायपिंग, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, सदर इसमाने पहिल्या दिवशी माझ्याआधी गिटारकडे पाहिले, ही माझी तक्रार मी मागे घेत आहे. सदर इसम मला आवडतो. तो ज्या दिवशी येत नाही तो दिवस मला मोठा वाटतो.

त्यानं ते दोनदा वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"खरं?" या वेळी त्यानं विचारलं.

"खरं," मुक्ता म्हणाली.

आणि मग तिला इतके दिवस दाबून ठेवलेलं हसू आलं. तिनं त्याला पुस्तकांचे शेवट सांगून टाकले. टकल्यानं शेवटी गावाकडे जमीन घेतली. चष्मेवाल्यानं मेंढ्या पाळल्या. आणि लाल दाढीवाला शेवटच्या पानावर विचारतो, की त्या गावातली ती मुलगी आता कुठे असेल, कुणाला पत्ता माहीत असेल तर कळवा.

गोरक्षनं तिघांचे शेवट बोटांवर मोजले. "म्हंजे एवढं फिरून तिघंबी गावाकडंच वळले," तो म्हणाला. "आमी चार एकर घिऊन आधीच पुढं हाय. आन पत्ता तर आमाला ठावा हाय."

आतल्या खोलीचं दार वाजलं. राधाकृष्ण मामा बाहेर आले. त्यांच्या हातात कपाटातली फाईल होती, सहाही प्रकरणांच्या कार्बन प्रतींची, कडा मळलेली. मुक्ता उठून उभी राहिली. गोरक्षनं गिटार पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला, जसं काही तीच पकडली जाणार होती.

मामांनी मशीनवरचा कागद काढला, चष्मा लावला आणि सावकाश वाचला. मग विचारलं, "साक्षीदार कोण?"

मुक्तानं गोरक्षकडे पाहिलं आणि गोरक्षनं मुक्ताकडे.

"सहा प्रकरणं मी दर बाजारी रात्रीच्या जेवणाआधी वाचतोय," मामा म्हणाले. इतकं लांब वाक्य ते वर्षातून एकदा बोलत. "वय, शेती, घरात माणसं किती, आजीचा स्वभाव कसा, सगळं सत्यप्रतिज्ञेवर आलेलं आहे. इतकी चौकशी करून स्थळ कुणाला मिळत नाही."

त्यांनी टेबलावर टेकून साक्षीदार म्हणून सही केली आणि खाली तारीख घातली. मग गोरक्षला सांगितलं, की पुण्याला पत्र लिहा, वैशाखानंतर येतो म्हणावं, दोघं येतो. मुक्ताला पुण्यात टायपिंगचं काम हसत हसत मिळेल. गोरक्ष मामांच्या पाया पडायला वाकला आणि गिटारनं या वेळी मामांच्या खांद्यावर टप्पल मारली. त्यानं आधी मामांकडे पाहिलं. नंतरही गिटारकडे पाहिलं नाही. तो मुक्ताकडे पाहत होता.

"एक प्रत राजूरला धाडायला हवी," मामा म्हणाले. "तुझ्या वडिलांना. पण तू नेहमी एकच कार्बन लावतेस. पुन्हा टाईप करावं लागेल."

"नाही लागणार," मुक्ता म्हणाली. तिनं कागदांच्या चळतीतून तिसरी प्रत अलगद सोडवली. अक्षरं जरा पुसट होती, पण वाचता येत होती. तिघांनी तिच्यावर सह्या केल्या. साडेबाराची एसटी कचेरीपुढून निघून गेली, ती कुणाच्या लक्षातही आली नाही. मुक्तानं प्रतीची घडी घातली, पाकिटात सरकवली आणि वर वडिलांचं नाव लिहिलं. सकाळी ती प्रत तिनं स्वतःसाठी लावली होती. आता तिला ती लागणार नव्हती.