जास्तीचा खांब

“पुन्हा तिकडेच!” भोंगा ओरडला.

खरं तर तो कुजबुजला होता. पाळणाघरातली बाळं झोपलेली असताना त्याला तेवढ्याच अटीवर आत येऊ देत. पण भोंग्याची कुजबुज रस्त्यापलीकडच्या न्हाव्यालाही ऐकू जायची.

“तोंडाला बूच लावीन हं!” त्याची आई दुधाच्या बाटल्या उकळता उकळता म्हणाली. पाळणाघर तिचंच होतं. ती ठिणगीची आत्या.

“अगं आई, पण बघ ना! गोटी कुठेही ठेवली तरी त्या कोपऱ्यात पळते. सुट्टी लागली तेव्हा एका जागी बसायची.”

ठिणगीने गोटी उचलून दाराशी ठेवली. गोटी क्षणभर विचारात पडली आणि मग खिडकीकडच्या कोपऱ्यात, ढोलूच्या पाळण्याखाली जाऊन थांबली. ढोलू म्हणजे ठिणगीचा धाकटा भाऊ. तो पोट वर करून घोरत होता.

“दारही अडकतंय,” मोजपट्टी म्हणाली. तिची आई शिवणकाम करायची, त्यामुळे हिच्या गळ्यात कायम टेप. “वरून घासतंय.”

“लाकूड फुगलं असेल गं,” आत्या म्हणाली.

“उन्हाळ्यात?” ठिणगीने विचारलं.

आत्याच्या हातातली बाटली थांबली. तेवढ्यात खालून आवाज आला. ठक्. ठक्. ठक्.

ठिणगीला कारण नसताना राग येतो, असं तिच्या घरचे म्हणत. हे खोटं होतं. कारण प्रत्येक वेळी असायचं, फक्त घरच्यांना ते दिसत नसे. आत्ताही तिचे कान लाल झाले होते.

“खाली काय आहे त्या कोपऱ्यात?”

खाली प्रार्थनागृह होतं. आणि बरोबर त्या कोपऱ्यात, गेले काही दिवस, एका खांबाभोवती जाड निळा पडदा लावलेला होता. ‘पावित्र्यवर्धनाचे काम सुरू आहे. कृपया शांतता राखा.’

“पावित्र्य ठोकून वाढवतात का?” भोंगा म्हणाला.

प्रार्थनागृहाचं दार दुपारी बंद असे. पण चपलांच्या मांडणीमागची खिडकी कधीच नीट लागत नसे, आणि मोजपट्टी नावाप्रमाणेच बारीक होती. ती आत सरकली आणि तिने कडी काढली. तिघं बाकांच्या आडून सरपटत पडद्यापाशी पोचली. ठिणगीने पडदा झटकन ओढला.

आत खांब होता. म्हणजे, होता असंच म्हणायला हवं. वर शाबूत, खाली शाबूत आणि मधोमध खाऊन टाकलेल्या सफरचंदासारखा! आतल्या गंजक्या सळया उघड्या पडल्या होत्या. वरच्या तुळईला करंगळी जाईल एवढी भेग होती. मोजपट्टीने खात्रीसाठी करंगळी घालूनही पाहिली.

पालथ्या बादलीवर बसून गवंडी चहा पीत होता.

“कोण रे तुम्ही? आत कशी आलात?”

“आधी तुम्ही सांगा!” ठिणगी उसळली. “खांब का फोडताय?”

“जास्तीचा आहे.”

“खांब जास्तीचा कसा असेल?”

“मीही तेच विचारलं. समितीवाले म्हणाले, ग्रंथात लिहिलंय, ज्ञानाच्या घराला सात खांब. इथे मोजले तर आठ. एक काढ.”

“मग टेकू तरी लावायचा!”

“तेही विचारलं. म्हणाले, टेकू लावला की पुन्हा आठ होतात.”

भोंग्याने बोटांवर सात मोजले, मग आठ मोजले.

“आणि तुम्ही ऐकलंत?” ठिणगी म्हणाली. “वर बाळं झोपतात!”

“म्हणून तर दुपारी काम ठेवलंय. बाळं गाढ झोपलेली असतात, आवाजाचा त्रास…” गवंड्याला स्वतःचं बोलणं ऐकू आलं असावं. त्याने कप खाली ठेवला. “उद्या प्रवचनांचा समारोप झाला की उरलेलं पाडायचंय. समितीचे लोक हल्ली आत पाऊल टाकत नाहीत. दारातूनच विचारतात, झालं का म्हणून.”

मुलांनी वर धाव घेतली. आत्या खाली जाऊन बघून आली, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिने ढोलूला उचललं, मग बाकीच्या बाळांना. सगळी वरात मोजपट्टीच्या आईच्या शिवणकामाच्या खोलीत हलली. बाळं कापडाच्या ढिगाऱ्यावर ऐसपैस झोपली. त्यांना तेच जास्त आवडलं.

वरची खोली प्रार्थनागृहाच्या समितीचीच होती. संध्याकाळी समितीच्या अध्यक्षांचा निरोप आला. ‘अफवा पसरवू नयेत. परवा सकाळी पाळणाघर जागेवर सुरू दिसले नाही, तर जागा दुसऱ्याला दिली जाईल.’

आत्या निरोप वाचून खुर्चीत बसली. ही खोली गेली तर पाळणाघर गेलं. खोली ठेवायची तर बाळं त्या भेगेवर झोपवायची.

“मी बघते त्यांना!” ठिणगी म्हणाली.

अध्यक्षकाकांचं चष्म्यांचं दुकान होतं. सगळ्या गावाला त्यांच्यामुळे स्पष्ट दिसत असे.

“काका, खांबाला हे एवढं भगदाड पडलंय!”

“बाळ, तू अजून लहान आहेस. अंकांचं शास्त्र फार खोल असतं. प्रवचनकारांनी स्वतः सांगितलं, आपल्याकडे एक खांब जास्त आहे. केवढ्या टाळ्या पडल्या!”

“टाळ्यांवर छत उभं राहतं का?”

“श्रद्धेवर राहतं,” काका म्हणाले आणि चष्म्याची काच पुसू लागले.

घरी येऊन ठिणगीने बाबांना सगळं सांगितलं. बाबा अस्वस्थ झाले. त्यांनी पेपर उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

“बघू. पण समितीच्या विरुद्ध उघड बोलायचं म्हणजे… चार लोक काय म्हणतील?”

“कोणते चार? नावं सांगा, आत्ता जाऊन विचारते!”

“अगं, चार म्हणजे काय मोजून चार असतात का? म्हणायची रीत आहे ती. चार लोक म्हणजे सगळे लोक.”

“आणि तुम्ही मला सतरा वेळा सांगितलं म्हणता, ते?”

“ते म्हणजे पुष्कळदा. हे काय शाळेत शिकवावं लागतं?”

ठिणगी बाबांकडे बघतच राहिली. मग चपला घालून प्रवचनाला पळाली. तिला प्रवचनाला जाताना पाहून बाबांना पेपरचंही भान राहिलं नाही.

प्रवचन अंगणातल्या मांडवात होतं, कारण आत म्हणे धूळ फार होती. प्रवचनकारांची पदवी ‘अंकभास्कर’. ती कोणी दिली हे विचारायची पद्धत नव्हती. ते बोलत मात्र छान.

“ग्रंथातले आकडे बाजारातले नव्हेत! चाळीस दिवस वाट पाहिली, म्हणजे माणूस बदलेपर्यंत पाहिली. बारा जण जमले, म्हणजे अख्खा समाज जमला. आणि सात? सात म्हणजे पूर्णता! जिथे काही कमी नाही, ते सात!”

ठिणगीच्या कानांतून वाफ निघायची तेवढी बाकी होती. म्हणजे यांना माहीत होतं! प्रवचन संपताच तिने त्यांना गाठलं.

“सात म्हणजे काही कमी नसणं. मग खांब का कमी करताय?”

अंकभास्करांनी इकडेतिकडे पाहिलं. “बाळ, ते रूपक आहे. मी आपलं गमतीने म्हणालो, इथे एक जास्तच आहे. लोक हसले, टाळ्या पडल्या. समिती एवढं मनावर घेईल असं मला काय ठाऊक?”

“ठोकाठोक रोज ऐकू येते ना? मग सांगा त्यांना!”

“आता? माझ्या शब्दाखातर एवढं काम काढलंय त्यांनी. बरं दिसत नाही गं ते.”

“छत पडलेलं बरं दिसेल?”

अंकभास्करांना कुठेतरी जायचं होतं. ते तिकडे गेले.

ठिणगी परत आली ती पाय आपटतच. भोंगा आणि मोजपट्टी आत्याकडे वाट बघत होते.

“यांना भेग दाखवून उपयोग नाही,” ती म्हणाली. “भेग दिसतेच आहे. आकडा दाखवायला हवा. समितीत माणसं किती?”

“सात!” भोंगा म्हणाला. शेजारच्या खोलीत ढोलू दचकून उठला.

योजना ऐकून मोजपट्टी काळजीत पडली. “आणि खरंच गेले आत तर?”

“जाणार नाहीत. गवंडी काय म्हणाला, ऐकलंस ना?”

“तरी दारात मी उभी राहीन,” आत्या म्हणाली. “कोणी निघालंच, तर आडवी होईन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव भरला होता. अंकभास्कर आसनावर आणि समिती पहिल्या रांगेत. हार घालून झाले, आणि आभाराआधी ध्वनिक्षेपकासमोर भोंगा उभा राहिला. त्याला ध्वनिक्षेपकाची गरज नव्हती, पण शोभा असते.

“आता एक मानाचा कार्यक्रम! सात खांबांच्या घरात सात सदस्य! समितीने आपापली खुर्ची घेऊन आत जावं आणि निळ्या पडद्यापाशी, तुळईखाली बसावं. समारोप तिथूनच होईल!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. समितीने वाजवल्या नाहीत.

“छान कल्पना आहे,” अध्यक्षकाका बसल्याजागीच म्हणाले. “पण आत हवा खेळती नाही.”

“मी पंखा आणते!” मोजपट्टी म्हणाली.

“मला धुळीची ॲलर्जी आहे,” सचिव म्हणाले.

“माझा गुडघा…” खजिनदार म्हणाले. त्या गुडघ्यावर ते रोज सकाळी टेकडी चढत. बाकीचे चौघे आपल्या बुटांच्या नाड्या बांधू लागले. त्यांतल्या दोघांनी चपला घातल्या होत्या.

टाळ्या विरत गेल्या. ठिणगी पुढे आली. तिचे कान लालबुंद झाले होते.

“का नाही बसत? खांब जास्तीचाच होता ना? मग बसा की त्याच्याशिवाय! पाचच मिनिटं बसा. माझा भाऊ तिथे वर रोज दुपारभर झोपतो! तुमच्या डोक्यावर जे छत नको, ते बाळांच्या पाठीखाली चालतं का?”



मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. त्या बसमध्ये वाहक होत्या. त्यांची मुलगी पाळणाघरात असे.

“अध्यक्ष, उठा,” त्या म्हणाल्या. “जाऊन बसा. नाहीतर इथे सगळ्यांसमोर सांगा, का बसत नाही.”

“तसं नाही ताई… प्रवचनकारांनीच सांगितलं होतं…”

“मी रूपक म्हणालो होतो!” अंकभास्कर घाईघाईने म्हणाले.

“काल मला म्हणालात,” ठिणगी त्यांच्याकडे वळली. “इथे कधी म्हणालात? टाळ्या संपायची वाट बघत होता?”

अंकभास्करांनी मान खाली घातली. त्या वेळी टाळ्या पडल्या नाहीत.

मग बाबा उठले. त्यांचे कानही लाल झाले होते. ठिणगीने ते पहिल्यांदाच पाहिले.

“गवंडीदादा, टेकू कुठे मिळतात?” त्यांनी विचारलं. “चला, मी गाडी काढतो. चार लोकांना जे म्हणायचंय ते म्हणू दे.”

दुपारपर्यंत लोखंडी टेकूंचं जंगल उभं राहिलं. कोणी मोजले नाहीत. बसवाहक बाईंच्या ओळखीच्या इंजिनिअरबाई आल्या. त्यांनी शिडीवर चढून भेगेवर विजेरी मारली आणि खाली यायच्या आधीच समितीला जे सुनावलं, ते भोंग्याच्या कुजबुजीपेक्षाही लांबवर ऐकू गेलं. पाळणाघराची जागा आत्याकडेच राहील असं अध्यक्षांकडून तिथल्या तिथे कबूल करून घेतलं. दुरुस्ती होईपर्यंत बाळं कापडाच्या ढिगाऱ्यावरच झोपणार होती. त्यांची काही तक्रार नव्हती.

सुट्टी संपता संपता आठवा खांब पुन्हा उभा राहिला, पूर्वीपेक्षा जाड. ठिणगीने वर जाऊन जमिनीवर गोटी ठेवली. गोटी बसून राहिली. ढोलूने ती तोंडात घालायचा प्रयत्न केला, म्हणून पुढचे प्रयोग थांबवावे लागले.

खाली छोटा समारंभ होता. अध्यक्षकाकांनी तिघांना पुढे बोलावलं.

“शाबास! या मुलांचं आम्हाला कौतुक आहे,” ते म्हणाले. “मी तर समितीला शंभर वेळा सांगितलं होतं, मुलांचं म्हणणं ऐकत जा.”

“शंभर वेळा?” ठिणगीने विचारलं. “मोजून?”

“अगं, शंभर म्हणजे काय शंभरच असतात का? म्हणजे आपलं… पुष्कळ वेळा.”

“अच्छा,” ठिणगी म्हणाली. “म्हणजे तुम्हाला कळतं.”