ड्रॅगनच्या बरगड्या

तो आला तेव्हा मी ड्रॅगनच्या जबड्यात डोकं घालून दात चिकटवत होते.

"चार पाय, दोन पंख... एकूण सहा," बाहेरून आवाज आला. "पाठीचा कणा असलेल्या प्राण्याला पाय-पंख मिळून चारच असतात."

"आणि तोंडातून जाळ निघतो, त्याला हरकत नाही?" मी आतूनच विचारलं.

"जाळाचं नंतर बघू."

मी डोकं बाहेर काढलं. विस्कटलेले केस, हातात टेप, डोळ्यांत मिश्कील हसू. हाच तो सरड्यांचा अभ्यासक! आमच्या संग्रहालयात अभ्यासकाची सही नसलेली प्रतिकृती थेट गोदामात जाते. शनिवारी नवं दालन उघडणार होतं आणि हा ड्रॅगन म्हणजे माझं सहा महिन्यांचं, पहिलंच मोठं काम.

"पुढचे पाय काढा, मी सही करतो."

"हात लावून तर बघा!"

त्याने हात लावला नाही, पण रोज यायला लागला. कधी शेपूट मोजायला, कधी नखं. एकदा तर नुसताच, दोन कप चहा घेऊन. मला त्याचा भयंकर राग यायचा, आणि अकरा वाजून गेले तरी तो आला नाही की त्याहून जास्त यायचा.

गुरुवारी तो धापा टाकत आला. हातात काचेची बरणी, बरणीत बोटाएवढा सरडा.

"उडता सरडा. याचे पंख बघा... या बरगड्या आहेत! लांब वाढलेल्या, त्यांवर कातडी ताणलेली. पाय चारच्या चार शाबूत."

मी बरणीकडे बघितलं, मग ड्रॅगनकडे. म्हणजे पंख खांद्यातून कापायचे आणि बरगड्यांतून नव्याने काढायचे. फक्त दीड दिवसात.

"जमेल?" त्याने हळूच विचारलं.

"मला जमेल. तुम्ही तारा धरा."

त्याने बाह्या सरसावल्या. मी करवत घेतली आणि स्वतःच्या हाताने घडवलेले पंख कापले. मग तो तारा धरत गेला आणि मी एकेक बरगडी लांबवत गेले.

शनिवारी सकाळी त्याने सही केली. पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"झालं... आता इथे यायला काही कारण नाही."

"आहे की. मला तुम्ही आवडता."

त्याचे कान लाल झाले. "याला... काही पुरावा?"

"माझ्या कामाला मी कुणाला बोट लावू देत नाही. संचालक बाईंनाही नाही. आणि तुमच्या एका शब्दावर मी पंख कापले. अजून काय हवं?"

गोंदाने चिकट झालेला माझा हात त्याने दोन्ही हातांत घेतला. तेवढ्यात संचालक बाई पाहुण्यांना घेऊन दारात हजर!

"काय हो, सगळं मनासारखं झालं ना?"

"हो बाई," तो म्हणाला, आणि सगळ्यांसमोर माझा हात तसाच धरून उभा राहिला.