नाकाड्या आणि धुराचं झाकण

आमच्या आजोबांपुढे कोणाचं काही चालत नाही. ते निवृत्त पी.टी. मास्तर. पहाटेची हवा म्हणजे अमृत, असं त्यांचं ठाम मत. म्हणून उजाडायच्या आत ते घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडतात आणि मला मैदानावर पळायला नेतात.

खो-खोची निवड चाचणी पुढच्या रविवारी होती आणि पळताना माझी छाती शिट्टीसारखी वाजायची. औषधाचा पंप सतत खिशात. "दम वाढवायला हवा, केतकी," म्हणत आजोबा आणखी दोन फेऱ्या मारायला लावायचे. मी अगदी वैतागले होते.

त्यात ते ट्रक. वसाहतीमागच्या गोदामाचं फाटक सकाळी उघडतं, पण रांग पहाटेच आमच्या गल्लीत लागते, इंजिनं चालू ठेवून. सगळीकडे विजेचे ट्रक आले, आमच्या नशिबी अजून डिझेलचे खटारे. आणि ट्रक गावाबाहेरून नेणारा रस्ता माझ्या जन्माआधीपासून 'होतोच आहे'.

कोडं वेगळंच होतं. तेच ट्रक भर दुपारी परत जाताना गल्लीत तसेच खोळंबतात, तेव्हा पळले तरी मला फारसा त्रास होत नाही. मग अमृताच्या वेळीच का?

शाळेने प्रयोगासाठी घरी दिलेला यंत्रमानव होता नाकाड्या. त्याच्या लांब नळीने तो हवा हुंगायचा. पहाटे मैदानावर हुंगून तो म्हणाला, "सूक्ष्मकण (केसाहून कितीतरी बारीक, थेट फुप्फुसात शिरणारी धूळ) दुपारच्या चौपट."

"यंत्र बिघडलंय," आजोबा म्हणाले.

नाकाड्याने वाद घातला नाही. त्याने एक फुगा सोडला, त्याला तापमापक बांधलेला. "मास्तर, वर गार असेल की उबदार?"

"गारच. डोंगरावर थंडी असते, हे शेंबडं पोरही सांगेल."

फुगा वसाहतीच्या गच्च्यांच्याही वर गेला. नाकाड्याच्या पडद्यावर आकडे उमटले: जमिनीलगत नऊ अंश, वर बारा. आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा आकडा पाहिला.

"दिवसा उन्हाने जमीन तापते," नाकाड्या सांगू लागला. "तिच्यालगतची हवा तापून हलकी होते आणि धूर घेऊन वर जाते. हिवाळ्याच्या रात्री जमीन थंड पडते, लगतची हवाही थंड आणि जड होते. ती वर जात नाही. तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. याला तापमान-व्युत्क्रम (तापमानाची उलटापालट) म्हणतात. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं. धूर खालीच कोंडतो. ऊन चढलं की झाकण उठतं."

"म्हणजे मी नातीला रोज झाकणाखाली पळवत होतो," आजोबा हळूच म्हणाले. मला त्यांचा राग होता, पण तेव्हा वाईट वाटलं.

घरी येऊन त्यांनी स्वतः खिडक्या लावल्या. मग शिट्टी गळ्यात घालून तडक ट्रकच्या रांगेकडे गेले.

"इंजिन बंद करा."

"मास्तर, पुढची गाडी हातभर सरकली की आम्हालाही सरकावं लागतं," पहिल्या ट्रकचे चालक इस्माईलकाका म्हणाले. "नाहीतर मधे कुणीतरी घुसतो."

"कुणी घुसणार नाही. खो-खो खेळलात ना? खो मिळेपर्यंत कोणी उठतं का? जागा धरून बसा. फाटक उघडलं की पहिला आत जाईल आणि मागच्याला खो देईल. पंच मी."

चालक हसले. पण दुसऱ्या दिवशी आजोबा पहाटेच फाटकाशी उभे राहिले, आणि एकेक इंजिन बंद झालं. आठवड्याभरात नाकाड्याचा आकडा निम्म्यावर आला. निम्माच, कारण थोडा धूर मोठ्या रस्त्यावरूनही येतो आणि बाहेरचा रस्ता अजून 'होतोच आहे'. त्यासाठी आजोबा आता नगरपालिकेत खेटे घालतात. तिथल्यांची मला आतापासूनच दया येते.

सराव ऊन चढल्यावर सुरू झाला. रविवारी चाचणी मात्र सकाळीच होती, आमच्याच मैदानावर, झाकणाखालीच. गल्ली शांत होती. मैदानाकडे जाताना रांगेतून इस्माईलकाकांनी हात केला. मी पळत सुटले, खांबाला वळसा घातला, पुन्हा पळाले. शिट्टी वाजली ती फक्त पंचांची. पंप खिशातच राहिला.